बर्फगाडीची जादा चाकं

आमच्या ह्यांनी आयुष्यभर पट्टे चालवले. कमरेचे नव्हेत हो, गोदामात ज्यांच्यावरून खोकी आपोआप सरकत जातात, ते. त्या पट्ट्यांपायीच आम्ही पुण्याहून सिंगापुरात आलो, आणि बुकित बातोकमध्ये इतकी वर्षं राहिलो की आता मला पुण्यात रस्ता ओलांडायची भीती वाटते. मागच्या वर्षी ह्यांच्या कंपनीने इथलं काम गुंडाळलं आणि दुसऱ्या देशात नेलं. ह्यांना एक निरोपाचा केक कापायला लावला आणि घरी पाठवलं. निवृत्त म्हणावं तर वय नव्हतं, बेकार म्हणायची माझी छाती नव्हती. कोणी विचारलं की मी म्हणायची, "सध्या घरीच असतात."

घरी असणं म्हणजे काय ते मला विचारा. पहिल्या महिन्यात ह्यांनी घरातली सगळी बिजागरं काढून पुन्हा बसवली. मग आमच्या मजल्यावरच्या प्रत्येक फ्लॅटच्या लोखंडी दाराला तेल घातलं, न विचारता. समोरची चिनी आजी मला लिफ्टमध्ये भेटली की अंगठा वर करून दाखवायची, मी आपली ओशाळवाणी हसायची. शेवटी एक दिवस ह्यांनी माझं पोळपाट हातात घेतलं. त्याचा एक पाय म्हणे किंचित आखूड आहे. "अहो, पंचवीस वर्षं त्याच्यावर गोल पोळ्या लाटतेय मी! ठेवा ते खाली!" मी इतकी ओरडले की ते पोळपाट ठेवून बेडरूममध्ये गेले आणि संध्याकाळपर्यंत बाहेर आले नाहीत. हा माणूस भांडायचा तरी पूर्वी.

आम्हाला एकच लेक. इथेच जन्मली, इथेच शिकली. मराठी सगळं कळतं, पण उत्तर इंग्रजीत, आणि वाक्याच्या शेपटाला इथल्या लोकांसारखा 'लाह' लावल्याशिवाय तिचं बोलणं संपत नाही. आमच्या ओळखीतली सगळी मुलं बँकेत नाहीतर सॉफ्टवेअरमध्ये. ह्या बाईसाहेब भूगोल शिकल्या आणि निघाल्या फिनलंडच्या पार वरच्या टोकाला, बर्फ मोजायला. मोजायला म्हणजे खरोखर मोजायला. तलावापलीकडे, रानात, ठिकठिकाणी खांब पुरलेत, तिथे जाऊन बर्फ किती साचला, कसा आहे, ते बघायचं. जी मुलगी मॉलमधल्या एसीत स्वेटर घालून बसायची, ती! मी रडले, ओरडले, मग तिच्या बॅगेत लोकरीचे मोजे भरले. विमानतळावर ती पाया पडायला वाकली तेव्हाही ह्यांची नजर सामानाच्या पट्ट्यावर. "आवाज करतोय," म्हणाले, "रोलर गेलाय एक."

त्यानंतर दर रविवारी दुपारी जेवणं झाली की आमचा व्हिडिओ कॉल. तिथे तेव्हा सकाळ असते. मी विचारायचं ते सगळं विचारायची: जेवलीस का, झोप होते का, कोणी आहे का बोलायला. ह्यांचे दोनच प्रश्न. "तापमान किती?" आणि "गाडी बरी आहे ना?" ती सांगायची तापमान, मग गाडीचं. कशी आहेस, हा प्रश्न ह्या माणसाच्या तोंडून एकदाही निघाला नाही. मी कॉल संपल्यावर भांडायची त्यावरून. हे म्हणायचे, "अगं, दिसतेय की बरी."

गाडी म्हणजे स्नोमोबाइल. मी तिला बर्फगाडी म्हणते. पुढे चाकांऐवजी दोन पट्ट्या, घसरायला. मागे खाली एक रुंद रबरी पट्टा, तो गोल फिरतो आणि गाडीला पुढे ढकलतो. लेक तिच्यावरून एकटीच गोठलेला तलाव ओलांडून जाते हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी देवापुढे बसले होते, तशीच बसून राहिले.

डिसेंबरात एका रविवारी ती जरा वैतागलेली होती. बर्फच पडत नव्हता म्हणे पुरेसा. तलाव गोठला होता, पण वर नुसती कडक बर्फाची लादी, भुसभुशीत काही नाही. त्यामुळे गाडीचे स्लायडर भराभर झिजत होते. "स्लायडर?" ह्यांनी मान वर केली. तिने काळ्या प्लास्टिकची एक लांब पट्टी कॅमेऱ्यासमोर धरली. एका टोकाला ती वितळल्यासारखी, चोळामोळा झालेली.

"अगं, ही तर आपलीच पट्टी!" हे खुर्चीतून उठलेच. "आमच्या लाइनवर हीच लावायचो आम्ही. हेच प्लास्टिक!"

मग बापलेकीचं जे सुरू झालं, त्यात मी दोनदा चहा करून आणला तरी कोणाचं लक्ष नव्हतं. मला नंतर समजावून सांगितलं ते असं: फिरणारा पट्टा ज्या दांड्यांवरून सरकतो, त्या दांड्यांच्या तळाला ही प्लास्टिकची पट्टी असते. बर्फ उडतो, तिला ओलं ठेवतो, थंड ठेवतो, म्हणून ती टिकते. बर्फ नसला की कोरडं घासलं जातं, तापतं, वितळतं. उपाय काय? दांड्यांना आणखी चाकं जोडायची. मुळात असतात तिथे थोडी. ती वाढवली की भार चाकांवर जातो आणि पट्टी वाचते. "विकत मिळतात तिकडे," लेक म्हणाली. ह्यांना ते ऐकूच आलं नाही. हे कागद शोधत होते.

खरं सांगते, मला इतका आनंद झाला होता! दुसऱ्या दिवशी सकाळी ह्यांनी दाढी केली. मोजमापं मागवली, चित्रं काढली, ओळखीच्या वर्कशॉपमध्ये जायला लागले. तिथून हातावर काळे डाग घेऊन घरी यायचे आणि मी खोटंखोटं कावायची. चाकं तयार झाली तेव्हा त्यातलं एक जेवणाच्या टेबलावर आणून बोटाने टिचकी मारली. गरगर फिरलं ते, थांबायलाच तयार नाही.

"बघ," हे म्हणाले. "लोण्यासारखं. बेअरिंगमध्ये ग्रीस कुठलं घातलंय माहितीये? जे आमच्या लाइनवर कधी हरलं नाही. ऊन, दमट हवा, गंज, कशालाही दाद देत नाही."

पार्सल मीच बांधलं. चाकांच्या फटींत चिवड्याची पाकिटं, मेतकूट, आणि केसांसाठी खोबरेल तेलाची बाटली. ते पोचल्यावर लेक हसत सुटली होती. "आई, युवर ऑइल इज अ स्टोन, लाह!" बाटली उलटी धरून दाखवली, थेंब पडेना. पांढरं शुभ्र, घट्ट. ती म्हणे चमच्याने खरवडून डोक्याला लावते. आम्ही दोघंही पोट धरून हसलो. पुण्यात दिवाळीच्या पहाटे हेच व्हायचं. अभ्यंगाच्या आधी आई बाटली गरम पाण्याच्या तपेल्यात बुडवून ठेवायची. इथे येऊन इतकी वर्षं झाली, तेल गोठतं हेच आम्ही विसरून गेलो होतो. हसलो आणि सोडून दिलं. मी नाही, हे नाही, कोणाच्याच डोक्यात पुढचं आलं नाही.

चाकं बसली, उत्तम चालली. तेव्हा तिकडे थंडी म्हणे सौम्य होती. प्लास्टिकच्या पट्ट्या झिजायच्या थांबल्या, तिच्या साहेबानेही वाकून बघितलं, फोटो आला. तो फोटो ह्यांनी कोणाकोणाला दाखवला ते विचारू नका. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला मी बायका बोलावल्या होत्या, तर हे तिळगुळाच्या ताटाशी पोळपाट घेऊन हजर. पोळपाट ओट्यावर नुसतं ढकललं, खर्रर्र आवाज आला. मग त्याच्याखाली लाटणं ठेवून ढकललं, सुळ्ळकन गेलं. "पाहिलंत वहिनी? एवढंच तत्त्व आहे!" बायकांनी टाळ्या वाजवल्या. मी कपाळाला हात लावला, पण आत खूप बरं वाटत होतं. वर्षभराने माझा नवरा मला परत मिळाला होता.

तो बुधवार होता की गुरुवार, दुपारी लेकीचा फोन आला. हे वर्कशॉपमध्ये गेले होते. व्हिडिओ नाही, साधा कॉल.

"आई, यू अलोन?"

मी गॅस बंद केला आणि खुर्ची ओढून बसले.

दोन दिवसांपूर्वी तिकडे अचानक कडाक्याची थंडी पडली होती. ही नेहमीसारखी तलाव ओलांडून पलीकडच्या काठाला गेली, खांबांपाशी बराच वेळ काम केलं. गाडी उभीच होती. परत निघाली तर चाकं फिरेनात. पट्टा फिरतोय आणि चाकं जागच्या जागी, त्यांच्यावर पट्टा घासतोय. थोडं अंतर गेली आणि एका चाकाचं रबर सोलून निघालं, ते पट्ट्यात अडकलं, गाडी तलावाच्या मध्यावर बंद. सगळीकडे वारा. हिने काय केलं, तर जाड हातमोज्यात बोटं शिरत नव्हती म्हणून मोजा काढला, आणि उघड्या हाताने ते चाक सोडवायचा, फिरवून बघायचा प्रयत्न केला. लोखंडाला बोटं चिकटली. वायरलेसवरून बोलावल्यावर साहेब आला, तिला घेऊन गेला. उजव्या हाताची दोन बोटं टोकाला काळी पडली आहेत. डॉक्टर म्हणतात वाचतील बहुतेक, पण आत्ताच सांगता येत नाही.

मी काय काय बोलले मला आठवत नाही. ये म्हणाले, आत्ताच्या आत्ता ये, खड्ड्यात गेला तुझा बर्फ. ती म्हणाली, "डोन्ट टेल बाबा. प्लीज, आई. ही इज सो हॅपी, लाह."

आता मला ओळखणाऱ्या कोणालाही विचारा, माझ्या तोंडात तीळ भिजत नाही. दूध उतू गेलं तरी मी तिघांना सांगते. आणि हे पोटात ठेवायचं! संध्याकाळी हे आले, हात धुतले, शीळ घालत टीव्ही लावला. मी भाजी चिरत होते. मला ह्यांचा राग आला, भयंकर राग आला, ती सुरी आपटावीशी वाटली. तुमच्या त्या चाकांनी माझ्या पोरीची बोटं खाल्ली, असं ओठांवर आलं होतं. आणि त्याच वेळी ती शीळ बंद पडेल ह्याची धास्तीही वाटत होती. भाजीत मीठ दोनदा पडलं. ह्यांनी ती तशीच संपवली.

रविवार आला. लेक कॅमेऱ्यासमोर बसली, फोन डाव्या हातात, उजवा टेबलाखाली. मलाच तेवढं कळत होतं.

"तापमान किती?"

तिने सांगितलं, आणि सध्या साहेबाबरोबर त्याच्याच गाडीवरून जाते हेही बोलून गेली.

"बापरे! आणि चाकं?"

"सुपर, बाबा."

"मग मी असं करतो," हे पुढे सरकून बसले, "तुझ्या साहेबाच्या गाडीसाठी एक सेट करतो. त्याने बघितलीत ना? अर्धं काम झालंय माझं."

"नो नीड, बाबा."

"नीड कशी नाही? आता तू त्याच्याच गाडीवरून जातेस म्हणालीस ना मघाशी?"

ती माझ्याकडे बघायला लागली. पोरीकडे 'नको' म्हणायला कारण नव्हतं, आणि जे होतं ते सांगायची सोय नव्हती. तिने वापरली नसती ती चाकं, हे मला कळत होतं. पण खोटं किती दिवस पुरवायचं? हे फोटो मागणार, साहेब काय म्हणाला विचारणार, पुढच्या थंडीत आणखी काहीतरी करून पाठवणार. आणि ती तिकडे एकटी, एक हात टेबलाखाली घालून, 'सुपर बाबा, सुपर बाबा' करत बसणार. बापाला जपायला लागली होती माझी मुलगी. हे मला सहन होईना.

पण सांगू कसं? वर्षभर त्या माणसाकडे काही नव्हतं. आता एवढं एकच होतं. तेच मी काढून घ्यायचं?

दुसऱ्या दिवशी मी आंघोळ करून केस विंचरत होते. समोर खोबरेलची बाटली, नेहमीसारखी पातळ, तळाशी हलणारी. माझा हात तिथेच थांबला. मी बाटली उलटी केली, सरळ केली. तेल खाली-वर झालं. लेकीची ती दगड झालेली बाटली आठवली, तिचं हसणं आठवलं, आमचं हसणं आठवलं. अगंबाई! अहो, वंगणही तेलच की! इथे तीस अंशांत लोण्यासारखं फिरणारं ते ग्रीस तिथे गोठून दगड झालं होतं. घाम, दमट हवा आणि गंज, एवढेच शत्रू ह्यांनी जन्मभर पाहिलेले. थंडी नावाचा कोणी असतो हे ह्यांच्या गावीच नव्हतं. चाकं माझ्या समोर बनली, पार्सल मी बांधलं, बाटली त्याच खोक्यात मी ठेवली. मी तरी कुठे ओळखलं?

संध्याकाळी मी नवीन सेटमधलं एक चाक उचललं, पिशवीत घातलं आणि फ्रीझरमध्ये खवलेल्या नारळाच्या डब्याशेजारी ठेवून दिलं. तिकडच्या थंडीइतका गार कुठला व्हायला आमचा फ्रीझर? पण मला दुसरं काही सुचत नव्हतं.

सकाळी चहा केला. मी कप ठेवला आणि शेजारी ते चाक ठेवलं. त्याच्यावर पांढरा बर्फ धरला होता.

"हे काय नवीन?" हे हसले. "चहाबरोबर चाक?"

मी चाक ह्यांच्यापुढे सरकवलं. मी काही बोलत नाही म्हटल्यावर ह्यांचं हसू कमी झालं. सवयीने टिचकी मारली. चाक हललं नाही. अंगठा लावून ढकललं. जडपणे जरासं सरकलं आणि अडलं. ह्यांनी दोन्ही हातांत धरलं, कानाशी नेलं, पुन्हा फिरवून बघितलं. मग टेबलावर ठेवलं, अगदी हळू.

"कुठे होती ती?" ह्यांनी विचारलं.

"तलावावर. मधोमध."

"एकटी?"

"हो."

चहावर साय धरली. हे आपल्या अंगठ्याकडे बघत होते. गार लोखंडाने तो लाल झाला होता.

"चाक फिरत नाही म्हटल्यावर माणूस काय करतो," हे म्हणाले, मला नव्हे, स्वतःलाच. "हात लावून बघतो."

मला वाटलं होतं हे ओरडतील, तू लपवलंस म्हणतील. तेवढं तरी करायला हवं होतं. तिथे तेव्हा मध्यरात्र. फोन करायची सोय नव्हती. मी कुकर लावला, काढला, कपडे वाळत घातले. हे टेबलापाशीच. चाकातून पाणी गळून टेबलावर ओघळ आला, तो ह्यांनी फडक्याने टिपला. जेवायच्या वेळेपर्यंत चाक पुन्हा पहिल्यासारखं गरगर फिरायला लागलं होतं. ह्यांनी हाताने ते थांबवलं आणि पिशवीत घालून ठेवलं.

दुपारी ह्यांनी स्वतः फोन लावला. एरवी मीच लावते. लेक उठलेलीच होती, केस विस्कटलेले, फोन डाव्या हातात.

"बाबा? आज सन्डे नाही. व्हॉट हॅपन्ड?"

ह्यांनी तापमान विचारलं नाही. गाडीचंही नाही.

"दुसरा हात दाखव," हे म्हणाले.

ती माझ्याकडे बघायला लागली, रागाने. मी 'दाखव' म्हणून मान हलवली. तिने थोडा वेळ खाली बघितलं आणि मग उजवा हात टेबलाखालून वर काढला. पांढऱ्या पट्ट्यांत गुंडाळलेली दोन बोटं. ती फोन शेल्फला टेकवून, हसून सांगायला लागली, "इट्स नथिंग, बाबा, डॉक्टर सेज…"

"दुखतं का गं?"

ती बोलायची थांबली. तलावावर रडली नव्हती, डॉक्टरकडे रडली नव्हती, मला सांगतानाही नाही. आता तिचं तोंड लहानपणी गुडघा फुटल्यावर व्हायचं तसं वाकडं झालं.

"हो बाबा," ती मराठीत म्हणाली. "खूप दुखतंय. रात्री झोपच येत नाही."

"सांग मला," हे म्हणाले आणि खुर्ची पुढे ओढून बसले.